शेवटचा खेळ

कोथरूडला, रात्रीच्या शेवटच्या खेळाला
आम्ही सहाजण.
पडद्यावर सूर्य जप्त झालेलं शहर,
माणसांना नंबर.

गोष्ट मला फारशी कळली नाही.
मी ऐकत होतो डबल बास,
खुर्चीतून पोटरीत चढणारे,
आणि त्यांच्यावर एकटा ओबो,
चौकशीला नेलेल्या बाईचं
गॅसवर राहिलेलं दूध असावं तसा.

शेजारी तारूकाका,
लग्नाच्या बँडात चाळीस वर्षं युफोनियम.
ट्रॉम्बोन घसरत खाली आले तेव्हा
पुटपुटले, "इथं श्वास चोरलाय लेकाने. मुद्दाम."

दिवे लागले. झाडूवाला आला.
नावं वर सरकत होती, वाजणं चालूच.
काका उठेनात.

बाहेर मेट्रोच्या खांबाखाली
सिग्नल लाल, रस्ता रिकामा,
तरी आम्ही थांबलो.
पुण्यात!
काका तोच खालचा सा
ओठ मिटून धरून होते.