पाचही पहिले

तोमारी बंदरामागच्या गल्लीत आमचा दोजो.
भिंतीवर पाच नियम,
आणि प्रत्येकाच्या आधी एकच आकडा: एक.
दोन नाही, तीन नाही.
लहानपणी मला वाटायचं,
लिहिणाऱ्याला पुढचे आकडे येत नसावेत.
तोकाशिकी सेन्सेईंना विचारलं,
तर ते म्हणाले, "फडकं नीट पिळलंस का?"

अकराव्या वर्षी मी कराटे शिकायला गेले
आणि चार महिने फळ्या पुसल्या.
कंबर वर, तळवे फडक्यावर,
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धाव.
चपला काढल्या की दाराकडे वळवून ठेवायच्या,
शेजारच्याच्या वाकड्या दिसल्या तर त्याही,
आणि त्याला सांगायचं नाही.
गवत गुंडाळलेल्या खांबावर ठोसे मारण्याआधी
खांबापुढे वाकायचं.
"खांबापुढे कशाला?"
"तो उलट मारत नाही, म्हणून."

आता मी चौतीस वर्षांची,
केरामा बेटांकडे जाणाऱ्या बोटीची तिकिटं विकते.
ठोसा मारायची वेळ आयुष्यात एकदाही आली नाही.
एकदा एका झिंगलेल्या माणसानं
खिडकीतून हात घालून माझी कॉलर धरली.
मी त्याचं मनगट धरलं, तो खाली बसला.
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.
संध्याकाळी हे सांगितलं तेव्हा सेन्सेईंनी विचारलं,
"मग त्याला पाणी कोणी दिलं?"
कोणीच दिलं नव्हतं.

या हिवाळ्यात झामामीहून मियाहिरा आले,
सेन्सेईंच्या गुरूंचे दुसरे शिष्य, वय ब्याऐंशी.
भिंतीला टेकून त्यांनी आमचा सराव पाहिला,
चहा प्याले,
आणि निघताना सेन्सेईंच्या कानात काही बोलले.
एवढंच.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या बोटीची गर्दी.
रांगेत नववे सेन्सेई.
मी हात केला, पुढे या म्हणून.
त्यांनी मान हलवली, नाही.
छत्री धरून ते उभे राहिले,
एकेक माणूस सरकत गेला.
खिडकीशी आल्यावर म्हणाले,
"मिसाओ, तिसऱ्या वळणाला डावा पाय
आत नाही, बाहेर जातो.
तेवीस वर्षं मी तुला चुकीचं शिकवलं."
आणि कमरेतून वाकले.
छत्रीचं पाणी लादीवर ठिबकत राहिलं.
मागे कुणीतरी घड्याळ पाहिलं,
बोटीनं भोंगा दिला.
मला सुचेना, म्हणून मी विचारलं,
"कुठलं तिकीट देऊ?"
"तिकीट नको. अजून सतरा जणांकडे जायचंय.
एक जण ओसाकात असतो, त्याला पत्र टाकलंय."

ते गेले.
मी परत मोजून सुटे दिले, नीट हसले.
पण खणात सकाळचं हिशेबाचं पान होतं:
बाराशे येन कमी,
आणि त्यापुढे माझ्या अक्षरात नाव, शुंतारो,
नवा पोरगा, दीड महिन्याचा.
मुळात दोन तिकिटांचे पैसे घ्यायला मीच विसरले होते.
आठवलं ते दहा वाजता.
आठवल्यावरही पान तसंच ठेवलं,
कारण तो काही बोलला नव्हता.
तो उलट मारत नाही.

चार वाजता मी पान फाडलं नाही,
त्याच्या नावावर रेघ मारून शेजारी माझं लिहिलं,
म्हणजे खोडलेलंही साहेबांना वाचता यावं.
शुंतारो मागच्या खोलीत खोकी रचत होता.
त्याला सांगितलं.
तो म्हणाला, "असू दे हो."
मला ते असू द्यायचं नव्हतं. मी वाकले.
तो इतका घाबरला की खोकं पडलं.

रात्री दोजोत नेहमीसारखे आम्ही नियम म्हटले.
एक. एक. एक. एक. एक.
मग काता.
तिसऱ्या वळणाला पाय जुन्याच जागी निघाला,
तेवीस वर्षांची त्याची वाट.
जाताना मी त्याला पाहिलं.
तो टेकला आतच.
शेजारी सेन्सेईंचाही आतच टेकला.
त्यांनी घसा खाकरला:
"पुन्हा. पहिल्यापासून."