अंगठा

गुर्दा काढताना सुरी लावायची नाही,
वडिलांनी मला पहिलं शिकवलं ते हे.
चरबीच्या पांढऱ्या गोळ्यात अंगठा खुपसायचा,
कडेकडेनं फिरवायचा,
पापुद्रा सुटतो,
आणि तांबूस, ओला, घेवड्याच्या दाण्यासारखा
तो तळहातावर येतो.
"बघ, बुरुल," ते म्हणायचे,
"सगळ्यांत ऊबदार जागा यालाच मिळालीय."

नारिनच्या बाजारात एकेचाळीस वर्षं त्यांचा ओंडका.
ज्याच्या मेंढ्याचं शेपूट जड, तो ताठ मानेनं चालायचा.
आमच्याकडे चरबी म्हणजे माज नव्हे,
चरबी म्हणजे फेब्रुवारीपर्यंत पुरणं.

मागच्या शरदात त्यांच्या पायावर बोट दाबलं
की खळगा तसाच राहायचा, कणकेत राहतो तसा.
लघवीला फेस,
घोडीचं दूध घुसळल्यावर येतो तसा.
हे त्यांनी आईला नाही, मला सांगितलं,
तेही गिऱ्हाईक गेल्यावर, हाडं तोडता तोडता.

बिश्केकला डॉक्टर आसेलकान
त्यांच्या पोटावर थंडगार यंत्र फिरवत होत्या.
पडद्यावर राखाडी धुकं.
त्या बोलायच्या आत वडिलांनी बोट ठेवलं:
"हा गुर्दा. ही भोवतालची चरबी.
चांगलाच पोसलाय मेंढा."
कुणी हसलं नाही. मग त्याच हसल्या.

म्हणाल्या, चरबी एकटी गुन्हेगार नाही,
मीठ आहे, रक्तदाब आहे, वय आहे.
पण रोजचं शेपूट, रोजचं लोणी
रक्तवाहिन्यांत आतून बसत जातं,
आणि तिथल्या गाळण्या केसाहून बारीक.
ऊबही फार झाली की आवळते.
सूर्यफुलाचं तेल घ्या. मासे खा.
"उणे तीसमध्ये मासे?"
परतताना, डोलोनच्या घाटात, एवढंच बोलले:
"इतकी वर्षं रोज हातात घेतला त्याला.
एका शब्दानं बोलला नाही."

मार्चमध्ये माझं ठरलं.
कोचकोरहून व्याही आले, अकरा माणसं, दोन गाड्या.
कुयरुक-बोर: शेपटाची चरबी आणि कलेजी
एकमेकांना हातानं भरवायची,
की सोयरीक पक्की.
आईनं दारातून माझ्याकडे पाहिलं. मी वडिलांकडे.
"मीच कापतो," ते म्हणाले.

सगळ्यांचे काप बोटभर जाड.
शेवटचा एक त्यांनी असा काढला
की उजेडात धरला तर पलीकडची खिडकी दिसली.
तो ताटाच्या कडेला, व्याह्यांच्या हाताशी सरकवला.
तेमिरकुल व्याही, त्यांना काय कळलं कोण जाणे,
त्यांनी नेमका तोच उचलला.
वडिलांनी डोळे मिटून खाल्ला. सावकाश.
चावण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

माझा काप मोठा होता. सगळा खाल्ला,
आणि चवदार होता, खोटं का बोलू.

पहाटे जाग आली.
काचेवरच्या हिमावर मी अंगठा टेकवून ठेवला,
एवढंसं भोक पडेपर्यंत.
अंगणात ते पाठमोरे, वाकलेले,
बर्फाकडे बघत,
फेस विरायची वाट पाहत
अजून उभेच होते.