आडवी फांदी

तोरणमाळहून खाली उतरताना
आम्ही अमळनेरचे पाच जण, नवे बूट,
पुढे रुमल्या पावरा, प्लास्टिकच्या चपलेत.

वाट फुटली की तो थांबे,
धावड्याची फांदी मोडे
आणि नको त्या वाटेवर आडवी टाके.
"साग नको, त्याचं पान वारा नेतो.
मागचे चुकले तर मला शोधावं लागतं."

मी फांद्या मोजत होतो.
दरीच्या तोंडाशी एक,
चारोळीच्या झाडाखाली दुसरी,
तिसरीनंतर चढ लागला
आणि मोजायला फक्त श्वास उरला.

परतताना गुडघा बोलू लागला.
तुम्ही व्हा पुढे, म्हटलं.
एका फाट्यावर फांदीच दिसेना.
ताज्या लेंड्या होत्या,
आणि पाला ओरबाडलेली एक काडी,
ती माझ्याच बुटाखाली मोडली.

ही वाट सोपी निघाली.
पुढे कुडाचं घर,
खडकावर वाळत घातलेल्या कैरीच्या फोडी,
माश्या हाकणारी एक मुलगी.
तिच्या आईनं न विचारता पाणी दिलं.
मुलगी हसली, आणि ते हसू
मी सकाळपासून बघत आलो होतो.

शोधत आला रुमल्या.
दारात मला बघून जरा थबकलाच.
"बरोबर वाट होती की ही," मी म्हणालो.
"तुमची चुकलीच," तो म्हणाला.
"माझी घरची."

निघताना फाट्यावर त्यानं
नवी फांदी टाकली.
शेळी तोंड लावत नाही
त्या झाडाची.