पन्हा

स्रवंती म्हणते, पप्पा, फोन आडवा नको, उभा.
आणि खाली बसा, तिच्या डोळ्यांएवढं खाली,
वरून काढलं की कुत्र्याची नुसती पाठ येते.
मी बसतो. गुडघा कडकन वाजतो.
तोही आवाज आत गेला म्हणे.

पहिल्या तीन सेकंदांत काहीतरी घडायला हवं.
चटणी तर बारा वाजल्यापासून
टॉवेलच्या गठ्ठ्यावर पडलीय,
शेंगाचटणीच्या रंगाची, तेवढीच कोरडी.
सोलापूरच्या उन्हात उगीच कोण हलतंय?
बिस्कीट दाखवलं. एक कान उचलला, परत ठेवला.

ती लांब, चौकट अरुंद.
तोंड घेतलं की शेपूट बाहेर,
शेपूट घेतली की विड्या वळणारी बायको अर्धी.
तीस वर्षं मागावर पन्हा मोजतोय,
एवढ्यात तर रुमालही बसायचा नाही.
आणि सगळे धागे उभेच लावले
तर कापड कसं होणार, पोरी?
पप्पा, चालू आहे. बोलू नका.

मी रात्रपाळीला गेलो.

सकाळी तिनं दाखवलं:
फोन उंबऱ्यावर, तांब्याला टेकवलेला.
तीन सेकंद काहीच नाही, घरकुलाची रिकामी गल्ली.
मग चटणी उठते, अजून कसलाच आवाज नसताना.
मग सायकलचं चाक,
रुईची भुरभुर चिकटलेले दोन पाय,
गुडघ्याच्या वर मी नाहीच.
चटणी उडी मारते
आणि वरच्या कडेतून निघून जाते.

तिथून पुढचं तिला ठाऊक.