पेशा : सुतार

रुवीत, घड्याळांच्या दुकानामागच्या बोळात
शिहाब लेन्स कानाशी धरतो.
आत मोटर – खर्र, थांबते, खर्र.
पुढे जाते, मागे येते,
किल्ली कुठे ठेवली ते आठवत
घरभर फिरणाऱ्या माणसासारखी.

मी सांगतो : काल गोडांब्यांकडे बारसं होतं,
अल खुवैरला, चौथ्या मजल्यावर.
आत्यानं बाळाच्या कानात कुर्र केलं
आणि नेमकं तेव्हाच हिनं
पाळण्यामागचा एसीचा रिमोट पकडला.
रिमोटवरचे आकडेसुद्धा वाचता येतात.
बाळ म्हणजे नुसती पिवळी कुंची,
तीही वितळलेली.

शिहाब हसत नाही.
"लेन्स बरी आहे. कॅमेराही बरा आहे.
भांडण नावाचं आहे."

ही परक्या कंपनीची.
हिला आतली भाषा कुणी शिकवली नव्हती,
दाराबाहेर उभं राहून, ऐकून ऐकून उचलली.
आणि कोण, असं विचारलं की
भलत्याच लेन्सचं नाव सांगायची.
जुना कॅमेरा म्हणायचा, असशील, ये.
हा नवा, बिनआरशाचा,
बोट अर्धं दाबलं की सुरू :
कोण? कुठवर आलीस? परत सांग.
परत सांग म्हटलं की गडबडते ती.

मी काउंटरवर कोपर टेकून ऐकतो.
पाकिटात रेसिडेंट कार्ड.
पेशा : सुतार.
आलो त्या वर्षी कंपनीकडे
सुतारांचेच व्हिसे उरले होते.
एकोणीस वर्षं टायरांचे हिशेब लिहितोय.
करवत एकदाच धरली, सातवीत,
कार्यानुभवाच्या तासाला. अंगठा कापला.
सुट्टीहून परतताना दर वेळी
खिडकीतला पोरगा कार्ड बघतो, मला बघतो,
आणि मी हात
काउंटरवरून हळूच खाली घेतो.
मऊ आहेत.

"अपडेट वगैरे?"
"यायचं नाही. हे मॉडेल त्यांनीच सोडून दिलंय."
शिहाब बाजूचं बटण सरकवतो, एमवर.
"बोटानं फिरव. पैसे नकोत."

शुक्रवारी पुन्हा गोडांब्यांकडे.
पाळण्याची फुलं उतरवलीत,
बाळाचं नाव आता सगळ्यांना तोंडपाठ.
चष्मा कपाळावर. रिंग घट्ट, जुन्या बरणीच्या झाकणासारखी.
पडद्यावर लाल रेघा
उशीच्या झालरीवरून सरकतात,
मुठीवर येतात, नाकावर,
पापणीवर – गेल्या.
बाळ जांभई देतं.
"अजून किती वेळ?" आत्या विचारते, कढी उतू जातेय.
थांबा म्हणतो.
श्वास धरून, केसभर मागे फिरवतो,
एक डोळा मिटून –
फळीची कड सरळ आहे का बघताना
सुतार बघतात म्हणे,
तसा.