कशाबद्दल

तिघींशी बोलले त्या आठवड्यात,
कलामाच्या खाणीत, पाळी सुटल्यावर,
डंपरच्या चाकाच्या सावलीत बसून.
चाक माझ्या दुप्पट उंच. सावली पुरते.

पहिलीकडे कास्त्रोच्या इस्पितळाचं प्रमाणपत्र, शिक्क्यासकट.
घरात वायफाय आहे का, तिनं विचारलं.
रास्तच होतं. मी नाही म्हटलं.
दुसरी आमच्याच नात्यातली, नोल्फा,
आवाजात साखर घोळवलेली; बोलता बोलता
जमीन कुणाच्या नावावर आहे, इतकंच विचारून घेतलं.
तिसरी वाण्याच्या दुकानातल्या फोनवरून.
मागे कुणीतरी मिठाचा भाव काढत होतं.
ती म्हणाली, "वडील चिडतात
ते सकाळी, की दिवेलागणीला?"

मला ठाऊक नव्हतं.

अकरा वर्षं झाली चिलोए सोडून.
इथे वाळवंटात कपडे वाळत घातले
की घडी घालायला तिथंच उभं राहावं;
तिकडे चुलीवरच्या तारेला टांगलेले मोजे
तिसऱ्या दिवशीही ओलसर.
मी अंदाजानंच म्हटलं, दिवेलागणीला.
"मग चूल मी चारलाच पेटवीन."
पगाराचं तिनं काढलंच नाही. मीच काढलं,
आणि माझी मीच घासाघीस केली.

एर्सिरा उएन्तेओ.
नाव दोनदा चुकीचं लिहिलं,
बँकेनं दोनदा पैसे परत पाठवले.
तिसऱ्यांदा गेले. 'कशाबद्दल' या रकान्यात
मी लिहिलं: देखभाल.

रात्री तिचा निरोप येतो,
फोन तोंडाला फार जवळ धरून बोललेला,
शब्दांआधी श्वास ऐकू येतो.
"दोन जांभळे बटाटे खाल्ले. मासा तसाच.
आंघोळीला नाही म्हणाले. मीही नाही म्हणाले.
मग झाली."
"आज खिळे मागत होते. दिले नाहीत.
एक फळी दिली, नि घासायला पॉलिश पेपर."

बाबांनी चौतीस होड्या बांधल्या.
एकीलाही माझं नाव नाही दिलं.
एकीला कुत्रीचं दिलं.

जूनमध्ये ती चाचरत म्हणाली,
"ते मला तुमच्या नावानं हाक मारतात.
मी ओ देते.
त्याचे वेगळे पैसे नकोत."

ते ऐकून पाळीला गेले.
दिवसभर तीनशे तीनशे टन दगड वर आणत राहिले
आणि एकच डोक्यात: ओ कशी देत असेल?
मी द्यायचे तशी, दुसऱ्या हाकेला, वैतागून?
की पहिल्याच हाकेला,
हात पुसत?

ऑगस्टच्या सुट्टीत गेले. सुट्टी सात दिवसांची,
त्यातले चार विमान, बस, फेरीबोट यांनी घेतले.
बाबा फळी घासत बसलेले. मान वर न करता
एर्सिराला म्हणाले, "ही कोण? पैसे मागायला आलीय?"
ती म्हणाली, "पाहुणी आहे. जेवून जाईल."

जेवले.
ताटाखाली भुसा होता, तो मी हातानं गोळा केला
आणि कुठे टाकायचा ते तिला विचारलं.

निघायच्या सकाळी फळी दिसली नाही.
घासून घासून पुठ्ठ्याएवढी झाली होती;
मनात होतं, मागून घ्यावी.
"ती काल चुलीत घातली," एर्सिरा म्हणाली,
"पाव त्याच्यावरच भाजला, तुम्ही खाल्लात तो.
नवी आणलीय. खरखरीत मिळाली, बरं झालं."
आत बाबांनी मला हाक मारली.
ती गेली.

या महिन्याचे पैसे पाठवताना
रकान्यापाशी थांबले जरा वेळ.
वीस अक्षरं मावतात त्यात.
लाकूड, असं लिहिलं.
बँकेनं काही विचारलं नाही.