चाळीस टक्के

सप्टेंबरात आराखडा पाटावर टाचण्यांनी ठोकला तेव्हा
तळ्यात अजून होड्या होत्या.
ताइस्तोनं बाल्साच्या फळ्या नखानं टिचकावल्या,
मडकं पारखावं तशा,
आणि म्हणाला, ही पंखाला. ही शेपटीला. ही चुलीत.
तिसरीही मी ठेवून घेतली.

शाळेत त्यानंच मला सुतारकाम शिकवलं.
करवत बोलते, तू गप्प बस, एवढंच म्हणायचा.

बाविसाव्या बरगडीला त्याचं पातं घसरलं.
रक्त थोडंच. पण आम्ही दोघं
बोटाकडे नाही, हाताकडे बघत राहिलो.
फळी खाली ठेवली तरी तो थांबेना,
मोटार बंद केल्यावरही पंखा फिरत राहावा तसा.
कॉफी जास्त झाली, ताइस्तो म्हणाला.
त्यानंतर कापणं माझ्याकडे आलं, घासणं त्याच्याकडे.
सँडपेपरला थरथर चालते.

हे विमान कसरतींचं. याच्या पंखाची
पाठ आणि पोट एकाच मापाचं.
सुलटं उडो की पालथं,
हवेला काही फरक नाही;
आपल्याला कळावं म्हणून वरून लाल-पांढरी फिल्म,
खालून काळे पट्टे,
शेजारणीकडून आणलेल्या इस्त्रीनं चिकटवलेले.
(इस्त्री परत देण्याजोगी राहिली नाही.)

मग तोल. दोन बोटांच्या टोकांवर धरलं:
शेपूट खाली.
बॅटरी बारा मिलिमीटर पुढे. पुन्हा धरलं:
नाक किंचित झुकलं,
हो म्हणावं की नाही या विचारातल्या माणसासारखं.
मोटार दोन अंश उजवीकडे.
काठी डावीकडे, डावा एलरॉन वर:
हे तीनदा तपासलं, कारण एकदा त्यानं
उलट्या जोडणीचं विमान चौदा सेकंद उडवलं होतं.
पंधरावा, तो अजून सांगतो, बटाट्याच्या शेतात.

तो सौनात गेला त्या रात्री
मी रिमोट मांडीवर घेतला.
पडद्यावर एक रेघ असते, सरळ:
काठी जेवढं सांगेल तेवढं विमान ऐकेल.
मी ती मधोमध वाकवली.
चाळीस टक्के.
म्हणजे बोट नुसतं हललं तर यंत्रानं कानाडोळा करायचा,
मनापासून हललं तर मानायचं,
टोकाला गेलं की पूर्वीसारखंच सगळं.
त्याला सांगितलं नाही.

फेब्रुवारी. ओउलुयार्वीवर उणे अकरा.
चाकांच्या जागी स्की,
बॅटरी त्याच्या काखेत, अंड्यासारखी उबवलेली.
रिमोट खिडकीच्या पिशवीत, हातही आत.
बरंच आहे, दिसत नाहीत.

विमान उठलं आणि आभाळात
पट्टीनं आखल्यासारखं सरळ गेलं.
चार टप्प्यांची गिरकी, प्रत्येक टप्पा ठोक.
बर्फाच्या भोकांपाशी बसलेले दोघे मासेमार
गळ विसरून वर बघत होते.
उतरवलं तेही लोण्यावर सुरी टेकवावी तसं.
ताइस्तो हसला नाही.
"कुणाचं विमान आहे हे?"
"तुझं."
"माझं एवढं शहाणं नसतं."

मी हातमोजा दातांनी ओढून काढला, पडदा उघडला.
चाळीस. तीस. पंधरा.
दहावर त्यानं हात धरला, म्हणजे त्याच्या हातानं
माझाही हलू लागला.
"दहा राहू दे. वाऱ्यालाही मी तेवढं देतो."

दुसऱ्यांदा ते पालथं गेलं तेव्हा काळे पट्टे वर आले
आणि नाकापासून शेपटीपर्यंत एक बारीक थरथर गेली,
स्वच्छ दिसेल अशी, सगळ्यांना.
तो मोठ्यानं काहीतरी ओरडला,
मासेमारांना वाटलं शिवी दिली.
गिरकीचा तिसरा टप्पा वाकडा. चौथा त्याहून.

उतरताना डावी स्की बर्फाच्या वरंब्याला अडकली,
पोटाची फळी फाटली, तो आवाज इथवर आला.
आम्ही चालत निघालो. अर्ध्या वाटेवर तो म्हणाला,
"ती चुलीतली फळी. जाळलीस का?"
"नाही."
"वाटलंच," म्हणाला, आणि पिशवीतून हात काढून
टोपी नीट केली, दोनदा.